गाड्या वरून, बस खालून

आमच्याकडे पाहुणे आले, चहा झाला, की त्यातला एकजण हमखास विचारतो, "टोल कधी बंद व्हायचा हो?" मी टोल घेणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, म्हणजे टोलची किल्ली माझ्याच पदराला बांधलेली असणार, अशी आमच्या बेळगावच्या शाहापुरातल्या लोकांची समजूत आहे. पूर्वी मी चिडायचे. निवृत्त झाल्यापासून मात्र विचारणाऱ्याला बसवून घेते आणि माळवाडी फाट्याची बस कशी आली ते सांगते. दुसरा चहा करावा लागतो, पण पाहुणा टोल विसरतो.

आधी थोडं धंद्याचं. एवढा मोठा रस्ता करायला सरकार थोडे पैसे देतं, कंपनी थोडे घालते आणि उरलेले, म्हणजे बहुतेक सगळे, बँका कर्जाऊ देतात. बँकेला तारण म्हणून दाखवायला आमच्याकडे ना जमीन ना सोनं. रस्ता सरकारचा, आमच्या हातात फक्त पुढच्या बऱ्याच वर्षांचा टोल. म्हणजे अजून न झालेल्या रस्त्यावरून अजून न आलेल्या गाड्या जातील, ह्या भरवशावर बँक पैसे सोडते. म्हणून बँकेची माणसं रस्त्याकडे बघतात ती सासरची मंडळी नव्या सुनेकडे बघतात तशी.

निपाणी ते बेळगाव हा आमचा पट्टा. रस्ता सहा लेनचा करायचा होता आणि त्यातल्या मधल्या दोन, एक जायची आणि एक यायची, जलद लेन असणार होत्या. ज्याला घाई आहे त्यानं जास्तीचा टोल देऊन मधून जायचं. काचेवरचा टॅग वाचला जातो, गाडी थांबवावी लागत नाही. मधे गर्दी वाढली की तिथला दर आपोआप वाढतो, मग चारजण विचार करून बाजूच्या लेनमध्ये जातात आणि मधली लेन पळती राहते. ह्याच पळत्या लेनमधून बस सोडायच्या, त्याही टोलशिवाय, आणि बसथांबे रस्त्याच्या मधोमध करायचे, ही आमची योजना. बस फाट्याफाट्यावर रिक्षा, ट्रॅक्टर आणि भजीच्या गाड्यांत अडकणार नाही.

कागदावर हे सगळ्यांना आवडलं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मुंबईहून कामत मॅडम आल्या.

कामत मॅडम म्हणजे बँकेच्या मोठ्या अधिकारी. त्यांच्या शेऱ्याशिवाय कर्ज सुटणार नव्हतं. बाई हुशार, बोलणं मृदू, आणि नकार असा देणार की समोरच्यानं आभार मानावेत. सकाळी निपाणीच्या बाजूची पाहणी झाली. दुपारचं विमान बेळगावजवळच्या सांबऱ्याहून होतं, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन निघाले. तवंदीचा घाट उतरल्यावर त्या म्हणाल्या, "वासंतीताई, रस्त्याला माझा होकार आहे. बसचा भाग मात्र मी काढायला सांगणार आहे. विकायची जागा फुकट का वाटायची?"

माझा आवाज मोठा आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीचा असतोच. तरी त्या दिवशी मी शक्य तितकं हळू बोलले. म्हटलं, "मॅडम, घरावरून सहा लेन न्यायच्या, त्यातली चांगली लेन पैसेवाल्याला द्यायची आणि गावाला धूळ. लोक किती दिवस ऐकून घेतील? नाका बंद पाडला तर तुमचं कर्ज कशातून फिटणार? बसमुळं ही लेन त्यांचीही होते."

"हे भाषण झालं," त्या हसून म्हणाल्या. "बँकेत चालत नाही."

आणि संकेश्वरच्या पुढं आम्ही अडकलो. उसाची ट्रॉली उलटून ट्रकवर गेली होती. ऊस रस्ताभर, ट्रक आडवा. बघता बघता मागं गाड्यांची रांग लागली. कामत मॅडम घड्याळ बघायला लागल्या.

आमच्या उजव्या हाताला, अडथळे लावून बंद केलेला, मधल्या लेनचा एक लांबलचक तुकडा तयार पडलेला होता. बँकेचं ठरेपर्यंत नमुना म्हणून कंपनीनं तो स्वतःच्या पैशांतून केला होता. त्याची तपासणी झाली होती, पण त्यावरून एकही गाडी गेली नव्हती. तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. फौजदार धावत आमच्याकडे आले. "मॅडम, तुमचा रस्ता उघडा! आत पेशंट हाय, बेळगावला न्यायचाय."

मी आमच्या सुरक्षा विभागाच्या साहेबांना फोन लावला, त्यांची परवानगी घेतली, आणि आधी तिथल्या कामावरचा आमचा पाण्याचा टँकर पुढं पाठवला, वाटेत काही पडलेलं नाही ना बघायला. टँकरवाल्याचा फोन आला, वाट मोकळी आहे. आमच्या माणसांनी अडथळे ओढले आणि रुग्णवाहिका सुसाट निघून गेली.

तिच्या मागंच निपाणी-बेळगाव बस उभी होती. ड्रायव्हर दस्तगीरमामा, ह्या रस्त्यावरचा जुना माणूस, खिडकीतून अर्धा बाहेर आला. "मॅडम, आमाला बी सोडा की! नर्सिंगच्या पोरी हायत, परीक्षा हाय त्यांची. फौजदार व्हय म्हणत्यात."

फौजदारांनी मान हलवली. साहेबांना पुन्हा फोन लावला, तेही म्हणाले, वाट तपासून झालीय, जाऊ दे. राहता राहिली मी. रुग्णवाहिका हलकी, बस जड आणि माणसांनी गच्च. बस जर ह्या नव्या लेनवर कुठं रुतली, बंद पडली, तर बँकेच्या डोळ्यांदेखत बसची योजना तिथंच संपणार होती. मी कामत मॅडमकडे पाहिलं. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. त्यांनी पर्स उचलली, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "चला, बसनंच जाऊ. बघू तरी."

गाडीची किल्ली आमच्या एका माणसाकडे देऊन आम्ही चढलो. बस बायकांनी भरलेली. कर्नाटकातल्या बायकांना तिकीट माफ झाल्यापासून आमच्याकडे बायका हक्कानं हिंडतात. कंडक्टरनं मॅडमकडे आधार कार्ड मागितलं. त्यांनी दाखवलं.

"मुंबईचं हाय हे. तुमाला तिकीट पडतंय."

एवढ्या मोठ्या रस्त्याला कर्ज देणाऱ्या बाईनं मुकाट्यानं तिकीट काढलं. मागच्या बाकावरून कुणीतरी कानडीत "नडीरी, नडीरी!", चला, चला, म्हणून ओरडलं आणि दस्तगीरमामांनी बस आत घातली.

तो प्रवास मी विसरणार नाही. डाव्या हाताला थांबलेल्या ट्रकांची, मोटारींची भिंत, आणि आम्ही त्या कोऱ्या रस्त्यावरून वाऱ्यासारखं. बसच्या खिडक्या खडखडत नव्हत्या, हीच पहिली नवलाई. लोक उभे राहून बघायला लागले. एक म्हातारा बाहेरच्या अडकलेल्या आलिशान गाडीला हात हलवून टाटा करत होता. नर्सिंगच्या मुली किंचाळत होत्या, हसत होत्या. मी मात्र दांडी घट्ट धरून चाकांचा आवाज ऐकत होते. काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर बस 'टक' करायची आणि मी पुढचा जोड मोजायचे.

कामत मॅडम एका मुलीशेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रोज येतेस?"

"व्हय. हॉस्टेल परवडत न्हाय."

"उशीर होतो?"

"लई वेळा. गेल्या महिन्यात तासाला बसू दिलं न्हाय. अप्पा म्हणालेत, असंच हुणार आसंल तर कॉलेज सोड."

तुकडा संपला, बस पुन्हा जुन्या रस्त्याला लागली. कोंडी मागं राहिली होती. बेळगावात मुली उतरून पळतच कॉलेजकडे गेल्या. मी मॅडमना रिक्षात घातलं. रिक्षा सुरू झाल्यावर त्यांनी ती थांबवली आणि डोकं बाहेर काढलं.

"बस राहू दे. पण रिकाम्या बससाठी मी पैसे देणार नाही. लोक चढतील असे थांबे करा."

मी भर स्टँडवर उडी मारली. बेळगावच्या स्टँडवर उड्या मारणारी पन्नाशी उलटलेली बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

पैसे सुटले, काम जोरात सुरू झालं आणि मी माळवाडी फाट्याला येऊन अडकले. तिथला थांबा नकाशावर सोपा होता. सहा लेनच्या मधोमध फलाट, आणि दोन्ही बाजूंनी चढून जायला वर पादचारी पूल. लोखंडी जिना उभासुद्धा राहिला. गावानं काम बंद पाडलं.

गावाच्या पुढं होते जिनगोंडाअण्णा. तंबाखूची शेती, निपाणीत व्यापार, मराठी-कानडी दोन्हींत भांडण्याची सारखीच तयारी. पण त्या दिवशी ते गप्प बसले आणि बोलल्या त्यांच्या घरच्या, पद्माक्का. गावातल्या दहा-पंधरा बायका रोज भाजीच्या पाट्या घेऊन बसनं बाजाराला जायच्या. पद्माक्का त्यांच्या म्होरक्या.

"ह्यो जिना कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच, आक्का. रस्ता ओलांडायला नको, धोका नको."

"बरं." त्यांनी वांग्यांची पाटी उचलली, दुसऱ्या बाईनं चुंबळ पुढं केली आणि काय होतंय हे कळायच्या आत पाटी माझ्या डोक्यावर होती. "चढा. वर जाऊन दाखवा. मग आमी बी चढतो."

सगळं गाव बघत होतं. आमचे कामगार तोंड फिरवून हसत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. मी चढले. एक हात पाटीला, एक कठड्याला, साडीच्या निऱ्या पायात. अर्ध्यावर मान गेली, वरच्या टप्प्यावर दोनदा थांबावं लागलं. वर पोचले तेव्हा खालून टाळ्या पडल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दमल्यामुळंही, आणि ह्यामुळंही की बाई खरं बोलत होती. ह्या जिन्यावरून कुणीच चढणार नव्हतं. लोक कठडा ओलांडून रस्त्यातूनच पळाले असते, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी गेलं असतं.

पाटी खाली ठेवून मी तिथंच बसले. वरून सगळा परिसर दिसत होता. गावामागचं तळं दिसलं. तळं म्हणायचं एवढंच. गाळानं भरून उथळ ताटलीसारखं झालेलं, कडेला एका खड्ड्यात लालसर मुरूम उघडा पडलेला. आणि आमचे डंपर भरावासाठी मुरूम आणत होते कितीतरी लांबून.

मी पाटी न घेताच खाली धावत आले. "अण्णा, तळं खोल करायचंय काय तुम्हाला?"

जिनगोंडाअण्णांना वाटलं मला चढण्यानं भोवळ आली. "करायचंय की. किती वर्षं अर्ज देतोय. का वो?"

मातीत बोटानं मी त्यांना चित्र काढून दाखवलं. फाट्यापाशी रस्ता दोन्हीकडे उचलायचा, भराव घालून. मोटारी, ट्रक वरून जातील. मधली बसची वाट मात्र दोन भरावांच्या मधून जमिनीवरच ठेवायची. वरच्या रस्त्यांना दोन्हीकडे पूल, त्या पुलांखालून लोक सरळ चालत फलाटावर येतील. चढ नाही, उतार नाही. थांबा सोडला की बस पुढं हळूहळू वर चढून पुन्हा जलद लेनला मिळेल. भरावाला लागणारा मुरूम तुमच्या तळ्यातला.

पद्माक्कांनी चित्रातल्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्हंजे गाड्या चढणार आनि आमी सरळ जाणार?"

"व्हय."

"मग आसंच करा," त्या म्हणाल्या, जणू मी वांग्याचा भाव विचारला होता.

करा म्हणणं सोपं होतं. नकाशा बदलायचा म्हणजे बँकेची परवानगी. मी कामत मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "वाढीव खर्च कुठून काढणार?"

"तळ्यातून," मी म्हणाले.

मग मी मुरूम, डंपर आणि डिझेलचा हिशेब समजावला. लांबची वाहतूक वाचली की वाढीव पुलांचा बराच भार त्यातून निघत होता. त्या म्हणाल्या, मुरूम रस्त्याला चालतो हे आधी सिद्ध करा.

मुरूम दिसायला चांगला असून भागत नाही. तो भिजवून, दाबून, वर वजन ठेवून किती सोसतो हे प्रयोगशाळेत बघतात. नमुने गेले. निकाल येईपर्यंत जिनगोंडाअण्णा रोज सकाळी साइटवर हजर. "आली काय रिपोर्ट?" लेकीच्या दहावीच्या निकालासाठीसुद्धा माणूस इतका बेचैन नसेल. निकाल आला आणि मुरूम पास झाला तेव्हा अण्णांनी आख्ख्या साइटला पेढे वाटले. तालुक्याच्या कचेरीतली परवानगी त्यांनी स्वतः खेटे घालून, कानडीत भांडून, कानडीतच आर्जवं करून आणली. मग वरचा गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून आपापल्या रानात नेला आणि खालचा मुरूम आमच्या भरावात आला. तळं खाली जात होतं आणि रस्ता वर येत होता. कामावर जाताना मला शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं वाटायचं.

पुलाचे गर्डर बसवायचा दिवस तर सण झाला. गर्डर म्हणजे पुलाची तुळई, काँक्रीटची, प्रचंड वजनाची. दोन क्रेननी दोन टोकं उचलायची आणि खांबांवर अलगद ठेवायची. रविवारी उजाडताच वाहतूक बाजूच्या रस्त्यानं वळवली. गाव उतारावर येऊन बसलं, पोरांना खांद्यावर घेऊन, डबे घेऊन. पहिले गर्डर सुरळीत बसले. शेवटचा अधांतरी असताना वारा सुटला. गर्डरचं एक टोक हलायला लागलं. मी हात वर केला, क्रेन थांबल्या.

क्रेनवाल्यांकडे हात वर धरून मी उभी राहिले. वारा पडेपर्यंत थांबायचं, एवढंच करायचं असतं. पण ते थांबणं किती जड! अण्णांनी डोळे मिटून हात जोडले होते. वारा कमी झाला, दोऱ्यांनी टोक आवरलं, आणि मी हात खाली घेतला. गर्डर इंचाइंचानं उतरत खांबावर टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

"बसलं काय वो?" उतारावरून अण्णांनी हाक मारली.

"बसलं!" मी ओरडले. माझा तो मोठा आवाज त्या दिवशी कामी आला. उतारावरून जो गलका उठला तो संकेश्वरात ऐकू गेला असेल.

सगळंच चांगलं झालं असं मात्र सांगणार नाही. जुन्या थांब्यावर शांतव्वाचं चहाचं खोपटं होतं. साइट सुरू झाल्यापासून आमचा चहा तिथलाच. नव्या थांब्यावर तिला गाळा मिळावा म्हणून मी धडपडले, पण गाळ्यांचे नियम ठरलेले, लिलाव मोठ्यांचा. ती लेकीकडे चिकोडीला निघून गेली. जाताना माझ्यावर रागावली नाही, तेच जास्त लागलं. रस्त्याकडेची जुनी झाडं गेली तीही परत आली नाहीत. रोपं लावलीत, सावली पडायला अजून वेळ आहे.

आणि लेन सुरू झाल्यावरची गिऱ्हाइकं! एका गृहस्थानं बसच्या वाटेत जीप घातली. अडवल्यावर म्हणतो, "आत अकरा माणसं हायत. मग ही बसच की!" मोजली तर खरंच अकरा होती. त्याला दंड करावा की शाबासकी द्यावी कळेना.

पहिली बस आली त्या दिवशी हार-तुरे, भाषणं सगळं निपाणीत होतं. मी मुद्दाम माळवाडी फाट्यावर राहिले. वरून ट्रक धडधडत जात होते आणि पुलाखालून पद्माक्का नि बाकीच्या बायका, डोक्यावर पाट्या, गप्पा मारत, चालीत जराही फरक न पडता फलाटावर आल्या. रस्ता ओलांडतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मला त्यातच सगळं मिळालं.

बस आली. फुलांच्या माळा घातलेली. दारं उघडली, फलाट आणि बसची पायरी एका पातळीवर. बायका पाट्यांसकट सरळ आत गेल्या. मागून कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेले म्हातारे, अख्खं गाव. मी, हा थांबा करणारी बाई, सगळ्यांना आधी चढू द्यावं म्हणून मागं राहिले, आणि दारापाशी पोचेपर्यंत बस गच्च भरली. कंडक्टरनं हात आडवा केला. "जागा न्हाय, मॅडम."

दार बंद झालं. पद्माक्कांनी खिडकीतून मान काढली. त्या हसत होत्या. "मॅडम, आसू दे! मागनं दुसरी येतीया, तिनं या!"

बस निघाली, चढ चढून वरच्या लेनला लागली आणि दिसेनाशी झाली. बस चुकली म्हणून आनंदानं रडणारी मी त्या फलाटावर एकटी उभी होते. डोळे पुसून वळले, तर निपाणीच्या बाजूनं दुसरी येत होती.